तगरच्या गाड्या आणि मेंदूंतील रक्त

आजचें तेर म्हणजे जुनें तगर. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत तें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरीं जाई असा उल्लेख आहे. या वाहतुकीचा हिशेब ज्यास भडोचच्या वेशींत बसून करावयाचा असेल, त्यास पहिल्या गाडीपूर्वीं ठाण मांडावें लागलें असतें व शेवटची येईपर्यंत उठतां आलें नसतें.

रक्ताचा हिशेबही असाच. १८९७ सालीं जॉर्ज स्टुअर्ट यांनीं रक्तांत मिठाचें पाणी सोडून हृदयांतून वाहणारें रक्त मोजलें. १९८० सालीं लिऑन ॲक्सल यांनीं आयोडीनयुक्त द्रव्य शिरेंत सोडून, लागोपाठच्या सी. टी. चित्रांवरून मेंदूंतील प्रवाह काढण्याची रीत मांडली. अर्धांगवायूचा संशय येतांच हीच रीत आज वापरतात. द्रव्य मेंदूंत पोंचण्याआधीं चित्रें सुरू व्हावींत आणि मिनिटभर तरी चालावींत. परंतु हृदय दुर्बल असेल तर या गाड्या रेंगाळतात! यंत्र ठरल्या वेळीं थांबलें कीं हिशेब अर्धवट तुटतो, आणि मेंदूचा किती भाग वांचण्याजोगा आहे याचा अंदाज चुकतो. रक्ताची गांठ काढावी कीं नाहीं, हें कित्येकदां त्याच अंदाजावर ठरतें. म्हणून जाणता डॉक्टर आंकड्यांवर विसंबण्यापूर्वीं आलेखाची रेषा चढून पुन्हां उतरली कीं नाहीं, तें पाहतो.