कागदाचा पाया, लुगड्याचा पाया

इंग्लंडात १७१८ सालचे एक रेशमी पांघरूण जपून ठेवलेले आहे. त्याच्या तुकड्यांमागचे कागद अद्याप आतच आहेत. पुढे या कलेत आणखी एक रीत रुळली: कागदावर रेषा आखायच्या, मागे कापड ठेवून रेषेवरूनच शिवायचे, आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. नवशिक्या हाताला हा मोठाच आधार.

आमच्या बीड जिल्ह्यातील गोधडीस कागद ठाऊक नाही. तिचा पाया जुन्या नऊवारी लुगड्याचा. त्यावर धोतराचे, चोळीचे तुकडे मांडून धावदोरा घालतात. हा पाया कोणी फाडत नाही, ऊब त्याचीच. सरळ रेष कागदाने नव्हे, समोर बसलेल्या आईच्या हाताने शिकवायची.

तेथेच आम्हांस काळजी वाटते. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात जातात. गोधडी कोपीत सोबत असते, पण पहाटेपासून फडावर राबणाऱ्या मायलेकी शिवायला बसणार केव्हा? शिवाय सुती लुगडीही (नायलॉनच्या साड्यांमुळे) दुर्मिळ झाली. उरतो तो फड सुटल्यानंतरचा उन्हाळा. गोधड्या शिवण्याचा काळही पूर्वीपासून तोच.