ध्वनिप्राणी-संग्रह खेळ (चाहतानिर्मित)

काल्पनिक प्राणी शोधणे, पकडणे, वाढवणे आणि त्यांच्या झुंजी लावणे अशा स्वरूपाचा व्हिडिओ खेळ म्हणजे प्राणिसंग्रह खेळ. हा प्रकार १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘पोकेमॉन’मुळे जगभर रूढ झाला असून पोकेमॉनची कल्पना त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणीच्या कीटक गोळा करण्याच्या छंदातून सुचली. अशा खेळाच्या धर्तीवर चाहत्यांनी हौसेने आणि बहुधा विनामूल्य केलेल्या खेळाला चाहतानिर्मित म्हणतात. ‘पोकेमॉन युरेनियम’ हा त्यांपैकी गाजलेला खेळ सुमारे नऊ वर्षांच्या कामानंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु पोकेमॉन प्रकाशित करणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या कायदेशीर हरकतीमुळे निर्मात्यांना तो थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला.

आग, पाणी, गवत अशा पोकेमॉनच्या १८ प्रकारांत ध्वनीला स्वतंत्र स्थान नाही. २०१२ मधील ‘माय सिंगिंग मॉन्स्टर्स’ या कॅनडातील खेळात प्रत्येक प्राणी गाण्याचा एकेक भाग गातो. प्राणी आणि स्वर यांची सांगड मराठी मुलखाला मात्र फार जुनी आहे, कारण देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात षड्जापासून निषादापर्यंतचे सात स्वर अनुक्रमे मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती यांच्याशी जोडले आहेत. ध्वनीवर बेतलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे ध्वनिप्राण्यांच्या, नव्या चाहतानिर्मित खेळाला याहून भक्कम पाया शोधण्याची गरज नाही.

उदाहरणार्थ, करवीर तालुक्यातील, कोल्हापूर शहराजवळचे व पुणे–बेंगळुरू महामार्गालगतचे उचगाव हे अशा खेळाचे क्षेत्र कल्पिल्यास प्राण्यांचे गुण ध्वनिशास्त्रातूनच ठरवता येतात. कुस्तीच्या मैदानात व मिरवणुकीत घुमके आणि कैताळ या वाद्यांच्या साथीने वाजणारे हलगी हे डफासारखे चर्मवाद्य शेकले की त्याचे कातडे ताणले जाऊन आवाज चढतो आणि दमट हवेत तो उतरतो. म्हणून हलगीचा प्राणी उन्हाळ्यात प्रबळ व पावसाळ्यात दुबळा ठरेल, तर त्याच पावसाळ्यात स्वरकोश फुगवून साद घालणारा नर बेडूक वरचढ होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली गावच्या यात्रेत घुमणाऱ्या धनगरी ढोलाचा खर्ज हवेत कमी शोषला जात असल्याने त्या प्राण्याचा पल्ला लांबचा असेल. महामार्गावरील वाहनांचा घोष येथे आच्छादनाचे, म्हणजे मोठ्या आवाजाने जवळच्या पट्टीतील लहान आवाज झाकून टाकण्याचे, काम करील. त्यामुळे मंद आवाजाचे प्राणी रहदारी विरळ असताना, पहाटेच सापडतील.

प्राणी पकडण्याचे साधन चेंडू किंवा जाळे नसून खेळाडूचा कान असावा: ऐकलेली लय टाळीने, वा ऐकलेला स्वर गळ्याने, अचूक परत दिल्यावरच प्राणी हाती यावा. केवळ वाद्याचा आकार दिलेले चित्र आणि त्याला चिकटवलेले ‘ध्वनी’ हे लेबल एवढ्यावर थांबणारा खेळ या विषयाला न्याय देत नाही.

अशा खेळातील प्राण्यांची नावे व रूपे स्वतंत्र असावीत, म्हणजे स्वामित्वहक्काचा वाद उद्भवत नाही. हलगीची परंपरा मुख्यतः मातंग समाजातील वादकांनी जपली आहे. म्हणून तिचे ध्वनिमुद्रण वादकांच्या संमतीने, मोबदला देऊन आणि खेळाच्या नामावलीत त्यांची नावे नोंदवूनच वापरावे.