एक टन सोनं, एक टन सामान

सिअ‍ॅटलला पाहुणे आले की आमची यादी ठरलेली असते. स्पेस नीडल, पाईक प्लेस मार्केट, बोईंगचा कारखाना आणि हवेने साथ दिली तर माउंट रेनियर. आई-बाबा आले होते तेव्हा पायोनियर स्क्वेअरमध्ये फिरताना जोराचा पाऊस आला आणि आम्ही समोरच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत शिरलो.

"तिकीट कितीला?" बाबांनी दारातच विचारलं.

"फुकट आहे."

"मग आत बघण्यासारखं काय असणार!"

आम्ही दोन तासांनी बाहेर पडलो. पाऊस केव्हाच थांबला होता.

या छोट्याशा संग्रहालयाचं नाव भारदस्त आहे: क्लोंडाइक गोल्ड रश नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. पार्क म्हणावं तर इथे ना झाड ना डोंगर. डोंगराचा भाग अलास्कात स्कॅगवेला आहे. सिअ‍ॅटलचा विभाग आहे १८८९ च्या मोठ्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या कॅडिलॅक हॉटेलच्या इमारतीत. २००१ च्या भूकंपात ही इमारत पडायच्या बेतात होती. ती दुरुस्त झाली आणि २००६ साली संग्रहालय इथे आलं.

गोष्ट सुरू होते १६ ऑगस्ट १८९६ रोजी, कॅनडाच्या युकॉन प्रदेशात. तिथल्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात स्कूकम जिम, डॉसन चार्ली, जिमची बहीण केट आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक यांना सोनं सापडलं. पहिला दावा नोंदवला गेला तो कारमॅकच्या नावावर. आसपासच्या लोकांनी भराभर जागा अडवल्या आणि ओढ्याला 'बोनान्झा' हे नवं नाव मिळालं. पण हिवाळ्यात त्या भागाचा जगाशी संबंधच तुटत असे. बातमी बाहेर यायला अकरा महिने लागले. १७ जुलै १८९७ रोजी 'पोर्टलँड' ही बोट सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली. तिच्यात ६८ खाणकरी होते आणि वर्तमानपत्राच्या भाषेत 'एक टनाहून अधिक सोनं'. प्रत्यक्षात ते दोन टनांच्या आसपास होतं, म्हणजे अतिशयोक्तीची सवय असलेली वर्तमानपत्रंही या वेळी कमीच पडली!

तेव्हा अमेरिका १८९३ च्या मंदीतून पुरती सावरली नव्हती, हातांना काम नव्हतं. त्यामुळे शहराला वेडच लागलं. ट्रामचे चालक आणि दुकानातले नोकर कामं सोडून निघाले. महापौर विल्यम वुड सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. त्यांनी तिथूनच तारेने राजीनामा पाठवला आणि उत्तरेची वाट धरली.

एका दालनात वाटेवरच्या सामानाची मांडणी आहे. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला होता की वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय सरहद्द ओलांडायची नाही. कारण आदल्या हिवाळ्यात डॉसन गावात उपासमारीची वेळ आली होती. पीठ, खारवलेलं मांस, घेवडा, साखर, चहा, तंबू, फावडी, करवती असं मिळून माणशी जवळजवळ एक टन. आई त्या पोत्यांकडे बघत म्हणाली, "हे तर आपलं वर्षाचं धान्य भरणंच की रे! पण दळलेलं पीठ वर्षभर टिकायचं कसं?" सुनेने लगेच तिला दुजोरा दिला.

हे एक टन सामान पाठीवरून न्यायचं होतं. चिलकूट खिंडीच्या शेवटच्या चढावर बर्फात सुमारे १५०० पायऱ्या खोदल्या होत्या. पाठीवर जेमतेम पंचवीस-तीस किलो घेऊन वर जायचं, तिथे ठेवायचं, खाली यायचं, पुन्हा तेच. अशा तीस-चाळीस खेपा. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली. ३ एप्रिल १८९८ च्या हिमप्रपातात साठाहून अधिक माणसं गाडली गेली. उरलेल्यांनी बेनेट सरोवराकाठी झाडं तोडून होड्या बांधल्या आणि बर्फ वितळल्यावर युकॉन नदीतून साडेपाचशे मैल खाली जाऊन डॉसन गाठलं. तिथे काय, तर चांगल्या सगळ्या जागा कधीच अडवलेल्या! अंदाजे एक लाख लोक घरातून निघाले, तीस-चाळीस हजार पोहोचले आणि सोनं मिळालं ते सुमारे चार हजारांना. वर्तमानपत्र वाचून निघालेला माणूस निघण्याआधीच उशिरा पोहोचला होता.

सिअ‍ॅटलची मात्र चांदी झाली. १८९० साली ४२,८३७ असलेली लोकसंख्या १९०० साली ८०,६७१ वर गेली, कारण बहुतेक जण सामान इथेच घेत. जॉन नॉर्डस्ट्रॉम हा स्वीडनहून आलेला तरुण क्लोंडाइकहून १३,००० डॉलर घेऊन परतला. त्यानेही १९०१ साली भागीदारीत काढलं ते इथे बुटांचं दुकान! त्या दुकानाचं पुढे काय झालं ते आपल्या क्रेडिट कार्डांना ठाऊक आहे.

पण मी जिथे रेंगाळलो ती गोष्ट वेगळीच होती. सिअ‍ॅटलच्या व्यापारी मंडळाने प्रचारासाठी इरॅस्टस ब्रेनर्ड या पत्रकाराला नेमलं होतं. देशभरच्या वर्तमानपत्रांत जाहिराती तर त्याने दिल्याच, पण त्याची खरी हुशारी पुढे होती. शहरात नव्याने आलेल्या लोकांना तो आपापल्या गावी पत्रं लिहायला लावायचा. मजकूरही तयार मिळे. जाहिरातीवर माणूस शंका घेईल, पण आपल्याच गावच्या पोराच्या पत्रावर कोण घेणार?

ते वाचताना मला माझी पत्रं आठवली. मी १९९८ साली शिकायला आलो, २००० मध्ये नोकरी लागली. पुण्यातल्या मामेभावाला मी भराभर ई-मेल पाठवत असे. पगाराचा आकडा, नव्या गाडीचा फोटो. दोन खोल्यांत आम्ही चौघे राहत होतो, व्हिसाच्या काळजीने झोप लागत नव्हती, हे कधी लिहिलं नाही. मला कोणी ब्रेनर्ड भेटला नव्हता, ते काम मी आपण होऊन फुकट केलं. भाऊ चांगली नोकरी सोडून २००१ च्या सुरुवातीला आला, तोवर डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. सहा महिन्यांत कंपनीने त्याला घरी बसवलं आणि तो परत गेला. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त अर्धं लिहिलं होतं. एक टन सोन्याचं कळवलं, एक टन सामानाचं नाही.

आज त्याचा पुण्यात उत्तम जम बसलाय आणि त्याची मुलगी इकडे एम.एस.ला यायचं म्हणते. तिने विचारलं, "काका, येऊ का?" त्या रात्री मी तिला लांबलचक ई-मेल लिहिली. फी, घरभाडं, कर्ज, व्हिसाची अनिश्चितता, आजारपणात जवळ कोणी नसणं. आणि हेही लिहिलं की मला इथे काय मिळालं आणि ते का सोडवत नाही. पाठवण्याआधी भावाला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "आता बरोबर लिहिलंस."

सिअ‍ॅटलला आलात तर या संग्रहालयात जरूर जा. फुकट आहे म्हणून पंधरा मिनिटांत उरकू नका. आणि मुलांना त्या सामानाच्या ढिगापाशी जरा जास्त वेळ उभं करा.