अखबारांपासून समाजमाध्यमांपर्यंत : राजकारणाची मोजदाद

ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांना बातमीचे मोल निराळे सांगावयास नको. आपले पूर्वज ज्या शतकात उत्तरेत आले, त्या शतकात राजकारण जितके तलवारीवर, तितकेच बातमीवर चालत असे. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. निजामाच्या दरबारी पुढे गोविंदराव काळे होते. या वकिलांच्या पत्रांबरोबर फारसी अखबारही येत. बादशहाने कोणाची भेट घेतली, कोणाला खिलत दिली, कोण रुसून बसला, हे सारे त्यांत दिनवार नोंदलेले असे. पारसनीसांच्या संग्रहातील अशा अखबारांची इंग्रजी भाषांतरे जदुनाथ सरकारांनी १९५३ व १९५४ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील दुसरा खंड महादजी शिंद्यांच्या दिल्लीतील कारभाराचाच आहे. त्यापूर्वी, १९३७ साली, महादजींसंबंधीच्या कागदपत्रांचा गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेला खंड ग्वाल्हेरहून निघाला होता.

या कागदांची आज आठवण करण्याचे कारण असे, की राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एक नवे दप्तर सापडले आहे. ट्विटर २००६ साली सुरू झाले. त्यानंतर ट्विटर, फेसबुक, व्हॉट्सॲप यांवर लोकांनी लिहिलेले कोट्यवधी मजकूर संगणकाने गोळा करावयाचे, शब्द मोजावयाचे, कोणाचे नाव किती वेळा आले याची कोष्टके करावयाची, आणि त्यावरून लोकमताचा कल सांगावयाचा, अशी ही पद्धत आहे. साधन नवे आहे, पण प्रश्न जुनेच आहेत. अखबार वाचणाऱ्या इतिहासकाराला जे प्रश्न पडत, तेच या अभ्यासकालाही पडले पाहिजेत. लिहिणारा कोण? कोणासाठी लिहितो? आणि जे लिहिले गेलेच नाही, त्याचे काय?

पहिला धडा जर्मनीतील आहे. तेथील २००९ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीचे एक लाखाहून अधिक ट्वीट तपासून काही अभ्यासकांनी २०१० साली असा निष्कर्ष मांडला, की पक्षांच्या नावांच्या उल्लेखांचे प्रमाण मतांच्या प्रमाणाशी बरेचसे जुळते. त्यावर २०१२ साली दुसऱ्या अभ्यासकांनी साधा प्रश्न केला. मोजणीत संसदेतील मोठेच पक्ष का घेतले? पायरेट पार्टी नावाचा छोटा पक्षही धरला असता, तर उल्लेखांच्या हिशेबाने तोच पहिला आला असता. प्रत्यक्षात त्याला सुमारे दोन टक्के मते पडली होती. संगणकावर वावरणारी तरुण मंडळी या पक्षाची पाठीराखी होती; त्यांचा आवाज मोठा होता, संख्या लहान होती.

मोठा आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे, हे जगाला त्याआधीही कळले होते. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. सुमारे चोवीस लाख परत आल्या, आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे जाहीर झाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून नावे घेतली, की गरीब मतदार आपोआप वगळला जातो. त्यात उत्तर पाठविणारे कोण आणि न पाठविणारे कोण, हाही फरक पडतो. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण ते शीत कोणत्या भागातले, हे सुगरण पाहते. दाना ओलीच्या नावातच दाणा आहे. धान्याची पारख करणारा पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर विसंबत नाही. खालपर्यंत नळी खुपसून मधला आणि तळाचा दाणा काढून पाहतो. समाजमाध्यमे म्हणजे पोत्याचे तोंड होय.

आता आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. २०१९ च्या नोव्हेंबरात श्री. ज्योतिरादित्य शिंदे यांच्या ट्विटरवरील परिचयातून काँग्रेसचा उल्लेख गेल्याचे लोकांच्या ध्यानी आले. तेथे लोकसेवक आणि क्रिकेटप्रेमी एवढेच उरले होते. परिचय लोकांच्या सूचनेवरून महिन्यापूर्वीच आटोपशीर केला, तर्कवितर्क निराधार आहेत, असा त्यांनी खुलासा केला. पुढे १० मार्च २०२० रोजी त्यांचे राजीनामापत्र ट्विटरवरच प्रसिद्ध झाले. पत्रावर तारीख ९ मार्चची होती. दुसऱ्या दिवशी ते भारतीय जनता पक्षात गेले, आणि बावीस आमदारांच्या राजीनाम्यांनंतर कमलनाथ यांनी २० मार्चला मुख्यमंत्रिपद सोडले. पत्र लिहिल्याची तारीख आणि ते प्रगट झाल्याची तारीख यांतील अंतर पाहणे हे दप्तरातील कामच होय. आता ते संगणकाच्या पडद्यावर करावे लागते. मात्र नोव्हेंबरातील त्या बदलाला भविष्यवाणी म्हणणे हे मागाहून सुचलेले शहाणपण ठरेल. परिचय बदलणारे अनेक असतात. पक्ष बदलणारे थोडे.

आणि पुढे काय झाले? नोव्हेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेशात २८ जागांवर पोटनिवडणुका झाल्या. भाजपला १९ व काँग्रेसला ९ जागा मिळाल्या. ग्वाल्हेर जिल्ह्यातील तीन जागांपैकी मात्र भाजपने ग्वाल्हेरची एकच जिंकली. ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा काँग्रेसकडे गेल्या. एकाच नेत्याविषयी, एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या मतदारांनी निरनिराळा कौल दिला. देशभरच्या उल्लेखांच्या मोजणीत हा फरक दिसण्याचा संभव थोडा.

तरीही ही साधने टाकाऊ ठरत नाहीत. लोक काय मानतात यापेक्षा लोकांपुढे काय आणले जाते, हे त्यांतून उत्तम कळते. किरण गरिमेला व डीन एकल्स यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास व्हॉट्सॲपवरील सुमारे पाच हजार सार्वजनिक राजकीय गटांतील चित्रे तपासली. त्यांच्या अंदाजाने सुमारे १३ टक्के चित्रे दिशाभूल करणारी होती; त्यांत जुने छायाचित्र नव्या प्रसंगाचे म्हणून फिरविण्याचा प्रकार मोठा होता. अखबारांतही हेच घडे. एकच मसुदा नकलून अनेक दरबारांना विकला जाई. चार ठिकाणी एकच बातमी सापडली, म्हणून चार साक्षीदार मिळाले असे जाणता इतिहासकार मानीत नाही.

दोन्ही दप्तरांत एक भेद मात्र आहे, आणि तो चिंतेचा आहे. पेशव्यांचे आणि शिंद्यांचे कागद रुमालांत राहिले, वाड्यांतून मंडळांकडे आले, छापले गेले. कोणीही उघडून पाहावे असे झाले. आजचे दप्तर कंपन्यांच्या मालकीचे आहे. ट्विटरने २०२३ साली संशोधकांना असलेली मोफत सोय बंद केली. फेसबुकवरील मजकूर अभ्यासण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. उद्याच्या इतिहासकाराला आपल्या काळचे राजकारण वाचावयाचे असेल, तर किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल.

पानिपतानंतर भेलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराचे सांकेतिक पत्र सापडले, हे सर्वश्रुत आहे. मोती आणि मोहरा त्यात मोजलेल्या होत्या. रुपये आणि खुर्दा यांची गणती मात्र त्या पत्रालाही करता आली नव्हती. आजच्या मोजणीतही मोती-मोहरा तेवढ्या येतात. जे समाजमाध्यमांवर नाहीत, अथवा असून लिहीत नाहीत, ती आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी, गल्लीतील हमाल, डबऱ्याची शेतकरीण, हा सारा खुर्दा बाहेरच राहतो. आणि २०२४ साली सुमारे ९७ कोटी असलेल्या भारतीय मतदारांत बहुसंख्या त्याचीच आहे. त्याची साक्ष हवी असेल तर दारी जाऊन विचारले पाहिजे, आणि घरोघरची पत्रे, वह्या, सभांची निमंत्रणे जपली पाहिजेत. ते काम कोणतीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही.