रविवारची गोळी

१९९६ साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये स्वयंसेवक घरोघर जाऊन विचारत होते : सांधे, कंबर, मान, काही दुखतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमातलं हे भारतातलं पहिलं सर्वेक्षण. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा ते करत होते. ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली, त्यातल्या ७४६ जणांचं काही ना काही दुखत होतं. शंभरात अठरा. त्यातला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, साधारण दोनशेत एकाला.

मी शिरवळची, वय एकतीस. दोनशेतली ती एक मी. 'संधिवात म्हाताऱ्यांना होतो' हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. म्हातारपणी गुडघ्याची कूर्चा झिजते, तो आजार निराळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. तो ऐन तिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट.

सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारच्या 'माधवनिदान' ग्रंथात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. विंचू डसल्यासारख्या वेदना, ही उपमा तिथली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली सुचवलं. नाव मिळालं, औषध नाही. १८९९पासून बाजारात आलेल्या अ‍ॅस्पिरिननं ठणका कमी व्हायचा, सांधे झिजायचे थांबत नव्हते. १९२९ साली फ्रान्समध्ये जाक फॉरेस्टिए यांनी चक्क सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली, कारण हा आजार क्षयासारखा असावा असा समज होता. समज चुकीचा, पण काहींना गुण आला.

मग सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी जेमतेम हालचाल करू शकणाऱ्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन सुरू केलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. दुसरी बाजू हळूहळू दिसली : चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, औषध थांबवताच दुखणं परत. आजही 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत चमत्कार होतो तो त्याचा. म्हणूनच माझ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कुठली पुडी घेतलीय का?"

त्याच १९४८च्या ऑगस्टमध्ये यल्लाप्रगडा सुब्बाराव वारले. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन पाहत होता. त्यांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं, आणि त्याची वाट अडवणारी अमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेट ही रसायनंही. ती वापरली गेली कर्करोगासाठी. अमिनोप्टेरिननं सांध्यांना आराम पडतो हे १९५१ सालीच छापून आलं होतं, पण तेव्हा कॉर्टिझोनचा बोलबाला होता. मेथोट्रेक्सेटच्या नीट चाचण्या ऐंशीच्या दशकात झाल्या आणि अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली १९८८ साली. सुब्बाराव जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

आज बहुतेकांचं पहिलं औषध तेच, माझंही. शिरवळला जनावरांच्या डॉक्टरांचं अख्खं कॉलेज आहे. माणसाच्या सांध्यांसाठी मात्र मी खेड शिवापूरचा टोल ओलांडून पुणं गाठलं. हाडांचे डॉक्टर मुख्यतः शस्त्रक्रियेचे. मला हवा होता ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे फिजिशियन होऊन पुढं याच आजारांचं शिक्षण घेतलेला. त्यांनी बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला, मग आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपीचे रिपोर्ट. चिठ्ठीवर 'रविवार' लिहून भोवती गोल केला. हे औषध आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, पण वेगळ्या दिवशी. ठरावीक दिवसांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी. गोळी चालू असताना गरोदरपण नाही. "मूल हवं असेल तेव्हा आधी सांगा, औषध बदलू," हे त्यांनी न विचारता सांगितलं. घरी तोच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. नाहीच आला तर पुढची पायरी आहे. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये टीएनएफ नावाचं प्रथिन अडवणारं इंजेक्शन रुग्णांना दिलं, तिथून बायोलॉजिक औषधांचा काळ सुरू झाला. ती महाग आहेत आणि ती घेण्याआधी क्षयाची तपासणी लागते.

आज माझा सातवा रविवार. सकाळचा ताठरपणा तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर आलाय. बरणीचं झाकण अजून दुसऱ्याकडून उघडून घ्यावं लागतं. सांध्याचं हाड एकदा झिजलं की भरून येत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने मोलाचे. बोटं सुजून सहा आठवडे उलटले असतील, तर वय बघत बसू नका. तपासून घ्या.