घरकुलात एक्झॉस्ट पंखा बसवला आहे? हवा अशी फिरू द्या
प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत घरकुल किमान 25 चौरस मीटरचे असते. स्वयंपाकाची जागा त्यातच येते. तेथे आपण एक्झॉस्ट पंखा बसवला असेल, तर तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यावी लागते. सगळे बंद असल्यास पंखा नुसताच फिरतो, धूर घरातच राहतो. म्हणून पंख्याजवळची नव्हे, पलीकडच्या खोलीची खिडकी उघडा. मधल्या दाराखाली बोटभर फट ठेवा. पायपुसण्याने ती बुजते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फटीशी कागदाची पट्टी धरा. ती स्वयंपाकघराकडे ओढली गेली पाहिजे.

गॅसचा वास आल्यास मात्र पंख्याचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 वर कळवा.