एका डॉलरची नौकाविद्या

शिडाच्या होडीतून जलविहार करणाऱ्यांचे क्लब जगात बहुतेक ठिकाणी धनिकांनी धनिकांसाठीच स्थापन केलेले आढळतात, आणि बॉस्टनच्या उत्तरेस मार्बलहेडच्या बंदरात १८७० साली निघालेला ईस्टर्न यॉट क्लब त्याच परंपरेतला आहे. असे असता त्याच बॉस्टन शहरात, परदेशांतून पोटासाठी आलेल्या श्रमिकांच्या एका दाट वस्तीतील मुलांसाठी १९३६ साली ज्याची सुरुवात झाली, तो ‘कम्युनिटी बोटिंग’ हा सार्वजनिक नौकाक्लब आजतागायत चालू आहे, आणि अमेरिकेतील अशा संस्थांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याचा इतिहास सांगू लागले की आरंभ होड्यांपासून करता येत नाही. तो नदीपासूनच करावा लागतो.

चार्ल्स नदी बॉस्टनपाशी समुद्राला मिळते. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत भरतीचे खारे पाणी नदीत दूरवर शिरे आणि ओहोटीबरोबर ते मागे हटले की दोन्ही काठांचा चिखल उघडा पडून त्याची दुर्गंधी शहरभर पसरे. मुखाशी धरण घालून नदीचे गोड्या पाण्याच्या शांत जलाशयात रूपांतर करावे, ही तजवीज ज्यांनी नेटाने पुढे रेटली त्यांत जेम्स जॅक्सन स्टॉरो हे प्रमुख होते. पेशाने सराफ असलेला हा गृहस्थ तरुणपणी हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांचा कप्तान होता. १९०६ साली वेस्ट एंड वस्तीतील मुलांसाठी ‘वेस्ट एंड हाउस’ हे मंडळ उभारण्यातही त्याचा हात होता. धरण १९१० साली पुरे झाले. त्याच वर्षी महापौरपदाच्या निवडणुकीत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींच्या आजोबांकडून, स्टॉरो थोडक्या मतांनी पराभूत झाले. परंतु त्यांनी शहराला मिळवून दिलेला जलाशय कोणत्याही पदापेक्षा चिरस्थायी ठरला.

स्टॉरो १९२६ साली वारले. नदीकाठ विस्तारून तेथे उद्यान करण्यासाठी त्यांच्या पत्नी हेलन यांनी १० लाख डॉलरची देणगी दिली. त्या उद्यानातूनच हमरस्ता नेण्याची योजना जेव्हा पुढे आली तेव्हा त्यांनी विरोधकांची बाजू घेतली, आणि ती योजना त्या वेळी गाळली गेली. आर्थर शर्क्लिफ यांच्या आराखड्यानुसार झाडे, वाटा आणि पाण्याचे आडोसे असलेला हा काठ १९३६ साली लोकांच्या स्वाधीन झाला.

काठ झाला, पाणी झाले. पण त्या पाण्यावर जाण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर जोसेफ ली (धाकटे) यांनी दिले. मुलांना खेळण्यासाठी मोकळी मैदाने मिळावीत म्हणून देशभर चळवळ करणाऱ्या जोसेफ ली यांचे हे चिरंजीव. वडिलांनी जी गोष्ट जमिनीवर केली ती मुलाने पाण्यावर केली, असे म्हणण्यास हरकत नाही. वेस्ट एंडमधील मुलांना हाताशी धरून त्यांनी त्यांना होड्या बांधण्यास आणि हाकण्यास शिकविले. रशियातून आलेले यहुदी, तसेच इटालियन, पोलिश व आयरिश अशी त्या वस्तीची मिश्र घडण होती. या मुलांच्या आईबापांनी वा आजाआजींनी महासागर ओलांडला होता खरा, पण तो जहाजाच्या तळाच्या कोंदट दालनात बसून; सुकाणू हाती धरण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर आला असेल. आपल्या कोकणातल्या कोळ्याच्या पोराला शीड आणि वारा यांचे ज्ञान बापाकडून वारशाने मिळते. या मुलांना तसा वारसा नव्हता, म्हणून तो एका संस्थेने निर्माण करून द्यावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

१९४१ साली हेलन स्टॉरो यांच्याच देणगीतून लाँगफेलो पुलाजवळ कायमचे नौकागृह उभे राहिले आणि १९४६ साली क्लबाची रीतसर नोंदणी झाली. नौकागृहाची मालकी सरकारकडे आणि कारभार सभासदांच्या संस्थेकडे, अशी ही वाटणी होती. मुलांची वर्गणी कित्येक दशके उन्हाळ्याच्या संपूर्ण हंगामासाठी अवघा एक डॉलर एवढीच राहिली. पालकांची संमती आणि पोहता येत असल्याची परीक्षा, एवढ्या अटी पुऱ्या केल्या की कोणत्याही मुलाला होडीचा ताबा मिळे. हा एक डॉलर मला महत्त्वाचा वाटतो; कारण फुकट दिलेल्या वस्तूवर घेणाऱ्याला हक्क सांगता येत नाही, आणि ज्याने वर्गणी भरली तो, ती कितीही अल्प असो, सभासद ठरतो. शिक्षणाची पद्धतही याच वृत्तीची होती: ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवावे.

हा जलाशय शिकाऊ माणसाला सोपा नाही. काठावरील इमारतींवर आपटून वारा क्षणोक्षणी दिशा बदलतो, मध्येच पडतो आणि मध्येच झोताने येतो. अशा वेळी शिडाचा दोर किती खेचावा व कधी सैल सोडावा हे हातालाच कळावे लागते. म्हणून नौकागृहावर वाऱ्याच्या जोरानुसार हिरवा, पिवळा किंवा तांबडा बावटा लावण्याची चाल पडली, आणि ज्याचे कसब ज्या पायरीचे त्याने त्याच बावट्याखाली होडी बाहेर काढावी असा दंडक झाला. गरिबाच्या मुलाला येथे जे शिकविले जाई त्यात भूतदयेपोटी काही सवलत नसे, हे विशेष.

यानंतरचे वृत्त क्लेशदायक आहे. हेलन स्टॉरो १९४४ साली निवर्तल्या आणि १९४९ साली विधिमंडळाने तोच हमरस्ता मंजूर केला. १९५१ साली तो वाहतुकीस खुला झाला आणि त्याला नाव देण्यात आले स्टॉरो यांचेच. दात्याच्या स्मारकभूमीतून, दात्रीने ज्याला विरोध केला तो रस्ता तिच्या मृत्यूनंतर काढावा आणि त्यावर त्याच कुटुंबाचे नाव घालावे, याचे समर्थन मला कोणत्याही लोकहिताच्या युक्तिवादाने करता येत नाही. पुढे १९५८ पासून ‘नगर-पुनर्रचने’च्या नावाखाली वेस्ट एंड जमीनदोस्त करण्यात आले, २,५०० हून अधिक कुटुंबे उठविली गेली आणि त्यांच्या जागी उत्पन्नवानांसाठी उंच इमारती उभ्या राहिल्या. पाडापाडीपूर्वी काही महिने तेथे राहून हर्बर्ट गान्स या समाजशास्त्रज्ञाने वस्तीचा अभ्यास केला आणि १९६२ साली ‘द अर्बन व्हिलेजर्स’ या ग्रंथात दाखवून दिले की जिला गलिच्छ म्हणून पाडले ती भाडे स्वस्त असलेली, परंतु आपुलकीने बांधलेली वस्ती होती.

ज्या मुलांसाठी क्लब निघाला त्यांची घरे अशी नाहीशी झाली, तरी क्लब मात्र टिकला. मुलाचा पत्ता कोणता, हे त्याच्या नियमांनी कधी विचारलेच नव्हते; त्यामुळे शहराच्या इतर भागांतील मुले वेस्ट एंडच्या मुलांच्या जागी आली आणि हमरस्त्यावरच्या पादचारी पुलांवरून नदीकाठी पोचू लागली. नदीपलीकडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी १९३६ पासूनच आपल्या छोट्या होड्यांचा ताफा बाळगून आहेत, आणि दोन्ही काठांची शिडे एकाच पाण्यावर वावरतात. अलीकडे क्लबाने अपंगांसाठी विशेष रचनेच्या होड्या ठेवल्या असून, ज्यांना चालता येत नाही असे सभासदही तेथे सुकाणू धरतात.